डॅशहुंड घेताय? आधी पाठीचं बोलू

डॅशहुंड म्हणजे आखूड पायांचा, लांब पाठीचा छोटा कुत्रा. तो आणायचं मनात आलं की ओळखीतले लोक मला फोन करतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. केस किती गळतात? खूप भुंकतो का? लहान घरात राहील ना? मुलांशी पटेल ना त्याचं? प्रश्न रास्तच आहेत. पण इतक्या वर्षांत एकानेही आपणहून पाठीचं विचारलेलं नाही. आमच्या डॅशहुंडला, चिंगीला, घरी आणलं तेव्हा मीही विचारलं नव्हतं.

पाठीचं दुखणं निघालं तेव्हा चिंगी पाच वर्षांची होती. दोन दिवस ती पलंगापाशी यायची, वर बघायची आणि तशीच मागे फिरायची. उचलायला गेलं की पोट दगडासारखं घट्ट करायची, थरथरायची. आम्हाला वाटलं पोट बिघडलंय, म्हणून पोटाचं औषधही दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. एरवी भुंकत धावत सुटणारी चिंगी आली ती पुढच्या दोन पायांवर, मागचं अर्धं अंग फरशीवरून ओढत. शेपूट पोतेऱ्यासारखी मागून फरफटत येत होती. डोळ्यांत मात्र नेहमीचीच उत्सुकता. दारात कोण आलंय ते तिला बघायचं होतं.

डॉक्टरांनी तिच्या मागच्या पायाचं बोट चिमट्याने दाबलं. पाय आखडला आणि मला हायसं वाटलं.

"पाय ओढून घेतला ना तिने?" मी म्हटलं.

"पाय मी बघतच नाहीये," डॉक्टर म्हणाले. "मेंदूपर्यंत काही पोचलं नाही तरी पाय आखडतो. तुम्ही तिचं तोंड बघा."

त्यांनी पुन्हा दाबलं, जरा जोरात. चिंगीने मान वळवली आणि गुरगुरली.

"कळतंय तिला. आजच ऑपरेशन करून घेऊ."

त्या गुरगुरण्याची किंमत मला नंतर समजली. दोन मणक्यांमधली गादी फुटून मज्जारज्जू दाबला गेला की आधी दुखतं, मग चाल लटपटते, मग पाय लुळे पडतात, मग लघवीवरचा ताबा जातो आणि सगळ्यात शेवटी जाते ती खोलवरची वेदना कळण्याची शक्ती. ती शाबूत असताना शस्त्रक्रिया झाली तर दहातले नऊ कुत्रे पुन्हा चालू लागतात. ती गेलेली असली तर निम्म्याच्या आसपासच. हे सगळं कधी काही तासांत घडतं. "उद्या बघू" म्हणण्यात एखाद्याचे पाय कायमचे जातात.

ऑपरेशन झालं आणि पुढचे सहा आठवडे आमचं घर चिंगीच्या पिंजऱ्याभोवती फिरत राहिलं. शी-शू सोडली तर तिने पिंजऱ्यातून बाहेर यायचं नाही. बाहेर काढायचं तेव्हा पोटाखालून टॉवेल घालून मागचा भार आपण उचलायचा आणि ती पुढच्या पायांनी चालेल तसं वाकून तिच्यामागे चालायचं. सुरुवातीचे काही दिवस तिला स्वतःहून लघवी होत नव्हती. दिवसातून चार वेळा पोट दाबून मूत्राशय रिकामं करायला लागायचं. बोटांना पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं काहीतरी लागतं, ते निसटू न देता सावकाश दाबायचं. पहिल्या दिवशी माझे हात इतके कापत होते की मला तो फुगा सापडेचना. तो तसाच भरलेला राहिला तर संसर्ग होतो, म्हणून रात्री गजर लावून उठायचं. चिंगी पुढे चालू लागली. मागून बघितलं तर आजही तिची कंबर किंचित झुलते.

ज्यांच्याकडून तिला आणलं होतं त्यांना मी हे कळवलं. ते म्हणाले, "डॅशहुंड म्हटलं की हे आलंच."

त्या एका वाक्यामुळे मी हे लिहायला बसले आहे. 'हे आलंच' ही गोष्ट विकणाऱ्याला ठाऊक होती, डॉक्टरांना ठाऊक होती, कुत्र्यांच्या क्लबांना तर फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ठाऊक नव्हती ती फक्त घेणाऱ्याला. आणि या जातीची पाठ पुढच्या पिढीत कशी असेल हे सगळ्यात जास्त कुणाच्या हातात असेल तर ते घेणाऱ्याच्याच. म्हणून डॅशहुंड आणणं ही निव्वळ घरातली हौस आहे, असं मला वाटत नाही. पसंत केलेल्या प्रत्येक पिल्लागणिक आपण कुणाला तरी सांगत असतो की अशीच आणखी पैदा करा.

आता ही पाठ आली कुठून ते बघू. जर्मनमध्ये 'डाक्स' म्हणजे बॅजर आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. बॅजर हा बिळं करून राहणारा, अंगापिंडाने भक्कम, पंज्यांनी आणि जबड्याने जबर प्राणी. त्याच्या बिळात शिरून अंधारात त्याला कोंडून धरील असा कुत्रा जर्मन शिकाऱ्यांना हवा होता. बोगद्यात मावावा म्हणून पाय आखूड आणि माती उकरता यावी म्हणून पुढचे पंजे फावड्यासारखे. कोंदट हवेत दम पुरावा यासाठी छाती खोल. आणि आवाज अंगाच्या मानाने दणदणीत, म्हणजे वर उभ्या माणसाला कळावं की खणायचं कुठे. या शरीराला कामाचा आधार होता. शिकारीत निभावला नाही तो कुत्रा पुढे जातीसाठी ठेवला जात नसे, त्यामुळे आकारावर आपोआप एक लगाम होता.

तो लगाम सुटला तो दिवाणखान्यात आणि कुत्र्यांच्या प्रदर्शनांत. ब्रिटनमध्ये १८८१ साली डॅशहुंडचा क्लब निघाला, १८८८ साली बर्लिनमध्ये जर्मनांचा निघाला. पुढे ही आकृती इतकी लाडकी झाली की १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकचं शुभंकर म्हणून वाल्डी नावाचा रंगीबेरंगी डॅशहुंड निवडला गेला आणि मॅरेथॉनचा मार्गसुद्धा नकाशावर डॅशहुंडसारखा दिसेल असा आखला गेला. मला वाल्डी आवडतो. पण आपला जीव जडतो तो नेमका त्या लांबुळक्या आकृतीवर, आणि कुत्र्याला भोवते तीही तीच. जुन्या छायाचित्रांतले डॅशहुंड बघा. पोट जमिनीपासून चांगलं वर आहे, पाठ आवरती आहे. आजच्या कित्येक पिल्लांची छाती गवताला घासते आणि घेणारे म्हणतात, कित्ती गोड!

आत काय बिघडतं हेही आता नीट उलगडलं आहे. आखूड पायांमागे एफजीएफ४ या जनुकाची एक जादा प्रत असते, हे २००९ साली पुढे आलं. २०१७ साली त्याच जनुकाची दुसरी जादा प्रत बाराव्या गुणसूत्रावर सापडली आणि गाद्यांचं कोडं सुटलं. दोन मणक्यांमधल्या गादीत मऊ, जेलीसारखा गर असतो. ही दुसरी प्रत असलेल्या कुत्र्यात तो गर ऐन लहानपणी सुकायला लागतो, त्यात चुना साठतो. पुढे कधीतरी गादीचं आवरण फाटतं आणि तो खडूसारखा गर मज्जारज्जूवर आदळतो. सोफ्यावरून उडी मारली म्हणून गादी सरकली असं आपण म्हणतो, पण ती गादी पिल्लाच्या पहिल्या वाढदिवसाच्या सुमारासच बिघडू लागलेली असते. साधारण चार-पाच डॅशहुंडांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी याचा त्रास होतो, बहुतेकदा तीन ते सात वर्षांच्या दरम्यान, म्हणजे भर उमेदीत.

लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या २०१३च्या अभ्यासात हे मोजमापांतही दिसलं. उंचीच्या मानाने पाठ जितकी लांब, तितका धोका जास्त. सगळ्यात जास्त धोका मिनिएचर डॅशहुंडला. वजन जास्त असेल तर त्यात आणखी भर. 'छोटा आहे म्हणजे सोपा असेल' असं मानून मिनिएचरच्या मागे लागणाऱ्यांनी हे एकदा शांतपणे वाचावं.

यावर दोन उत्तरं हमखास ऐकू येतात. पहिलं असं की नीट काळजी घेतली की काही होत नाही. काळजीने फरक पडतो, हे खरं आहे. बरगड्या बोटांना सहज लागतील इतपतच वजन राहू द्यावं. एक हात छातीखाली, एक हात मागच्या भागाखाली धरून पाठ आडवी ठेवून उचलावं. मानेच्या पट्ट्याऐवजी हार्नेस वापरावा. नसबंदी वर्षाच्या आत करायची घाई करू नये, कारण लवकर नसबंदी झालेल्या डॅशहुंडांत गादीचा त्रास जास्त दिसला आहे. पण काळजीच्या नावाखाली कुत्र्याला कापसात गुंडाळून ठेवलं तर उलटंच होतं. ब्रिटनमध्ये २०१५ साली डॅशहुंड पाळणाऱ्यांची मोठी पाहणी झाली. त्यात रोज भरपूर हिंडणाऱ्या कुत्र्यांत हा त्रास कमी आढळला, अगदी सोफ्यावर चढ-उतर करू दिलेल्यांतही. पाठ दुखते म्हणूनच काहींना उड्या बंद केल्या असतील, तेव्हा अशा आकड्यांवरून उड्या पाठीला चांगल्या असा निष्कर्ष काढता येत नाही. आमच्या घरी पलंगाला आजही चढ-उतरासाठी उतरती फळी लावलेली आहे. पण कण्याला धरून ठेवणारे स्नायू चालण्यानेच घडतात, आणि मांडीवर बसवून ठेवलेला डॅशहुंड सुरक्षित असतो हा समज चुकीचा आहे.

आणि सगळी काळजी घेऊनही मूळ मुद्दा उरतोच. सुकलेली गादी काळजीने पुन्हा ओली होत नाही. तो भार मालकाच्या खांद्यावर टाकला की पैदास करणारा मोकळा सुटतो आणि कुत्र्याचे पाय गेल्यावर घरातली माणसं वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत बसतात. त्या दोन दिवसांचं पोटाचं औषध मला अजून टोचतं. पण चिंगीच्या आईचा किंवा वडिलांचा एक्स-रे कुणी काढला होता का, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे.

दुसरं उत्तर म्हणजे ही जातच बंद करा. जर्मनीत प्राणिरक्षण कायद्यात 'यातनामय पैदाशी'ला आधीपासून मनाई आहे, आणि २०२४ साली ती अधिक काटेकोर करणारा मसुदा आला. त्यात वाईट लक्षणांच्या यादीत सांगाड्यातल्या विकृतींचाही उल्लेख होता. तिथल्या श्वानसंघाने लगेच हाकाटी केली की आता डाकेल (डॅशहुंडचं जर्मन नाव) संपणार. मंत्रालयाने सांगितलं की कुठल्याच जातीवर बंदी घालायची नाही, यातना टाळायच्या आहेत. वाद रंगला आणि वर्षाअखेरीस सरकारच कोसळल्याने तो मसुदा तसाच राहिला. मला बंदी नको आहे. चिंगीसारखं धीट, हुशार, आपल्या माणसासाठी जीव टाकणारं कुत्रं जगातून नाहीसं व्हावं असं मला कसं वाटेल? पण त्या वादात 'डाकेल वाचवा' म्हणणारे वाचवत काय होते, असा प्रश्न मला पडतो. कुत्र्याला, की त्याच्या आकृतीला? कुत्र्याला वाचवायचं असेल तर पाय थोडे उंच आणि पाठ थोडी आखूड व्हायला हरकत कसली? खुद्द आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या मानकात लिहिलं आहे की छाती आणि जमीन यांच्यातलं अंतर खांद्यापर्यंतच्या उंचीच्या साधारण एक तृतीयांश असावं आणि शरीराची लांबी उंचीच्या १.७ ते १.८ पट. मोजायला शिंप्याची टेप पुरते. पिल्लाचे आईवडील बघायला जाल तेव्हा ती खुशाल बरोबर न्या.

नियम हवेतच, पण ते मोजता येतील असे हवेत. डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंडमध्ये पैदाशीआधी डॅशहुंडच्या पूर्ण कण्याचा एक्स-रे काढून चुना साठलेल्या गाद्या मोजण्याची पद्धत आहे, दोन ते चार वर्षांच्या वयात. ब्रिटनमध्येही अशी योजना आहे. ज्याच्या कण्यात अशा गाद्या कमी, त्याची पिल्लं घ्यावीत, कारण हे लक्षण आईवडिलांकडून जोरकसपणे उतरतं. ती जादा जनुकप्रत बहुतेक सगळ्याच डॅशहुंडांत असते. त्यामुळे नुसत्या जनुकचाचणीने निवडायला गेलं तर निवडायला फारसं कुणी उरतच नाही. सध्या हाताशी असलेली चाळणी एक्स-रेची आहे, आणि ती जिथे सक्तीची नाही तिथे घेणाऱ्याने मागून सक्तीची करावी. आई दीड वर्षाची असेल तर हा एक्स-रे तिच्या वेळेवर झालेलाच नसणार, एवढं तिच्या वयावरूनही कळतं.

रंगांच्या हौसेबद्दल मी फार सौम्य बोलू शकत नाही. ठिपकेदार, संगमरवरी अंगाच्या पिल्लांना 'डॅपल' म्हणतात. एक डॅपल आणि एक साध्या रंगाचा असा जोड असेल तर फारसं बिघडत नाही. दोन डॅपलांचा जोड लावला तर साधारण चारातल्या एका पिल्लात ते जनुक दोन्हीकडून येतं. अशी पिल्लं बरीचशी पांढरी, निळ्या डोळ्यांची, दिसायला अगदी वेगळी असतात. त्यांतली अनेक बहिरी किंवा आंधळी जन्मतात, काहींचे डोळेच नीट तयार झालेले नसतात. आणि तीच 'दुर्मिळ' म्हणून चढ्या भावाने विकली जातात. ज्याला रंगाचं कौतुक करायचंय त्याने आईवडिलांचे दोघांचेही रंग डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे बोलू नये.

स्वभावाचं थोडक्यात सांगते, कारण इथे फसगत होते ती बघणाऱ्याच्या समजुतीने. बिळात शिरलेल्या कुत्र्याला कुणी हुकूम देऊ शकत नाही, तिथे त्याला स्वतःच ठरवावं लागतं. तेव्हा 'हट्टी' म्हणून ज्याला नावं ठेवतात तो गुण मुद्दाम घडवलेला आहे. तो भुंकणार, बाग उकरणार, पांघरुणात शिरून बसणार. शी-शूची शिस्त लागायला बहुतेक घरांत वेळ लागतो आणि पावसात बाहेर जायला तो साफ नकार देतो. हे सगळं चालतं. चालत नाही ते चावणं. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत अनोळखी माणसांवर धावून जाणाऱ्या जातींत डॅशहुंड अगदी वरच्या क्रमांकावर होता. मोठा कुत्रा गुरगुरला की लोक शिकवणी लावतात, हा गुरगुरला की हसून व्हिडिओ काढतात. त्याला हसण्यावारी नेणं हा त्याच्यावर अन्याय आहे. शिवाय घरात चार-पाच वर्षांचं मूल असेल तर ते कुत्र्याला पुढच्या दोन पायांना धरून उचलणार, पाठ लोंबकळणार, दुखलं की कुत्रं चावणार आणि दोष कुत्र्याला लागणार. मूल जरा मोठं होईपर्यंत थांबावं, असं मी स्पष्ट सांगते, आणि लोकांना ते आवडत नाही.

मिनिएचर डॅशहुंड सरासरी चौदा वर्षं जगतो. चौदा वर्षांत घरं बदलतात, नोकऱ्या बदलतात, माणसं आजारी पडतात. मधेच एखाद्या सकाळी सहा आठवडे सुट्टी काढायची वेळ आली तर कोण काढणार, कण्याचं ऑपरेशन करणारे डॉक्टर किती तासांच्या अंतरावर आहेत, त्या खर्चाची तजवीज आहे का, हे पिल्लू मांडीवर येण्याआधी घरात बसून बोलावं. मांडीवर आल्यावर कुणालाच धड विचार करता येत नाही.

आणि एक पर्याय मला फार मोलाचा वाटतो. आठ-नऊ वर्षांच्या, घर सुटलेल्या डॅशहुंडला आणणं. त्याची पाठ कशी आहे हे तोपर्यंत बऱ्याच अंशी दिसून गेलेलं असतं, स्वभाव समोर असतो, आणि कुणाला नवं पिल्लू पैदा करण्याचं कारण आपण देत नाही. अशा कुत्र्याबरोबर अजून पाच-सहा वर्षं मिळतात. तीही भरलेली असतात.

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. "मावशी, पिल्लू बघून ठेवलंय, रविवारी आणायला जातोय." मी तिला एवढंच म्हटलं की आईवडिलांच्या पाठीचे एक्स-रे मागून घे, आणि चिंगीचा टॉवेल लावलेला जुना फोटो पाठवला. तिने विचारलं. उत्तर आलं, "आमच्याकडे आजवर कुणी असलं काही मागितलेलं नाही," आणि मग त्यांनी फोन घेणंच थांबवलं. भाची दोन दिवस रडली, कारण पिल्लाचं नावही ठरलं होतं. नंतर तिने आणखी सहा ठिकाणी विचारलं. एका बाईंनी स्वतःहून दोन्ही कुत्र्यांचे एक्स-रे पाठवले आणि उलट तिलाच प्रश्न विचारले: घरी जिना आहे का, दिवसभर कोण असतं, आधी कुत्रं सांभाळलंय का. त्यांच्या कुत्रीला पिल्लं व्हायला अजून चार-पाच महिने आहेत. भाची थांबली आहे.